मंदाचं पथ्य

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, आणि जिच्या जन्माचं वाटोळं झालं तिला तर नाहीच. आजवर ओठांबाहेर पडू दिली नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

माझे सासरे, आप्पा, वैद्य होते. नाशिकहून गिरणारे गावाकडे जाताना आमचा मळा लागतो. तिथे कुंपणाच्या कडेने ते खाजकुहिलीचा वेल लावायचे. अंग चोरलंत ना नाव ऐकून? वेल दिसायला मोठा देखणा. जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात, बघत राहावं असे. मग शेंगा धरतात, आणि शेंगांवर बारीक केसांसारखी सोनेरी कूस. ती अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. आतलं बी मात्र औषधी — दुधात उकळायचं, साल काढायची, वाळवून कुटायचं. अशक्तपणाला, वाताला आप्पा तेच द्यायचे. लांबलांबून माणसं येत.

पण शेंगा तोडायच्या कुणी? पौषाच्या थंडीत, दव असतानाच, म्हणजे कूस उडत नाही. हाताला तेल चोपडून, तोंडाला फडकं बांधून. ते काम माझी नणंद मंदा करायची. शेंगा झोडणं, बी उकळणं, कुटणं, शिवाय गाई, शिवाय चूल — सगळं तीच. मी लग्न होऊन आले, तेव्हा एक हंगाम तिच्याबरोबर तोडणीला गेले. मानेवर कूस पडली आणि मी दिवसभर शेण चोळत रडले. मंदा हसली नाही. म्हणाली, ‘‘वहिनी, तुम्ही नका येत जाऊ. मी हाय ना.’’

मी हाय ना. हे वाक्य मी किती घट्ट धरून ठेवलं असेल? कारण त्याच वर्षी तिच्यासाठी स्थळं बघायला लागले. ती गेली की वेल माझ्या गळ्यात — एवढंच माझ्या डोक्यात. दुसरं काही नव्हतं. तिने मला कधी दुखावलं असतं तर सांगायला तरी बरं झालं असतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट ही. ओझरला कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा बघायला येणार होता. चैत्र होता, शेंगा कधीच संपल्या होत्या. पण मी — आता सांगतेच — पोत्याला चिकटलेली कूस खरवडून काजळाच्या रिकाम्या डबीत भरून ठेवली होती. हंगामातच. म्हणजे विचार आधीपासून होता, नाही का? मंदाचा ब्लाउज मीच इस्त्री केला. गळ्याला आतून, पाठीला, कापसाच्या बोळ्याने ती कूस लावली.

पाहुण्यांपुढे पोह्यांचा ट्रे घेऊन ती आली आणि थोड्या वेळाने मान वाकडी करायला लागली. मग हात पाठीमागे गेला. मग दोन्ही हात. मुलाची आई आधी बघत राहिली, मग तिने पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. मी दारात उभी होते. खोटं कशाला बोलू — मला मजा वाटली.

आप्पांना शंका आली होती. ‘‘सूनबाई, शेंगांची कूस तर नाय ना लागली हिला?’’ मी म्हटलं, ‘‘आप्पा, शेंगा पौषातच झोडल्या. आता कुठली कूस?’’ त्यांना पटलं. सून खोटं का बोलेल? तोवर मी ब्लाउज भिजवला होता, साडी धुतली होती. मंदा म्हणाली, वहिनी किती करतात माझं.

पिंपळगावच्या स्थळाच्या वेळी पुन्हा केलं. त्यानंतर गरजच पडली नाही. वैद्याच्या पोरीच्या अंगात काहीतरी आहे, हे गावोगाव झालं होतं. स्थळं थांबली, आणि आप्पांकडे येणारी माणसंही कमी झाली. स्वतःची मुलगी बरी करता येत नाही, तो आम्हाला काय करणार, असं लोक म्हणायचे. आप्पांनी निदान केलं — अंगावर पित्त उठतं. रोज कडू काढा, आंबट बंद, वांगं बंद, मीठ बंद. काढा उकळायचं काम माझ्याकडे होतं. तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. अंगाला पुन्हा खाज सुटली नाही, तेव्हा आप्पांना वाटलं पथ्याचा गुण आला. जाताना मला म्हणाले, ‘‘मंदाचं पथ्य मोडू देऊ नको.’’

मी मोडू दिलं नाही. आप्पा गेल्यावर एका शब्दाने मोडता आलं असतं. पण पथ्य सुटलं असतं तर रोग नव्हताच हेही निघालं असतं. म्हणून पुढची कितीतरी वर्षं तिने अळणी खाल्लं, शेंगा तोडल्या, आणि माझी मुलगी वाढवली. मुलीची पहिली हाक ‘आत्या’ होती.

मग मुलीला बघायला पाहुणे यायचे ठरले. आदल्या दिवशी मंदाने पिशवी भरली. ‘‘मी सिन्नरला मावशीकडं जाऊन येते, वहिनी. मला बघून उगाच काय विचारतील लोक. पोरीचं मोडायला नको.’’

तेव्हा तरी? नाही. मी तिला थांब म्हटलं नाही. उलट सुटल्यासारखं झालं. एस.टी. लवकरची होती, म्हणून पहाटे उठून डबा केला. दोन भाकरी, गवारीची भाजी.

भाजीत मी मीठ घातलं नाही.