आमच्याच गव्हावर आमची ज्वारी

आधी सोमलीयाडीचं नाव घेतो, मग बाकीचं. याडी म्हणजे आई. वणीजवळच्या तांड्यावर बंजारा मंडळी आईला अशीच हाक मारतात. ती माझ्या नात्याची नाही, गोताची नाही. पण त्या उन्हाळ्यात ती नसती तर साहेबांच्या नलूचं काय झालं असतं, हा विचार मी अजून पुरा करत नाही.

"दत्तू, खरं सांग. भाकरीच्या पिठात कणीक मिसळतोस की नाही?"

बाईसाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कडेवर नलू. पाच वर्षांची पोर, पण तीन वर्षांची वाटायची. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. पायातले चांदीचे वाळे रोज कुठेतरी गळून पडायचे आणि मी ते शोधत फिरायचो.

"नाही बाईसाहेब. देवाशप्पथ नाही."

"मग तुझ्या भाकरीला चीर कशी पडत नाही? ज्वारीची नुसती भाकरी अशी होते का कधी?"

मी परात पुढं ओढली आणि मळत राहिलो. मी चौथीतून शाळा सोडलेला. साहेब आमच्या देवगडकडे रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होते, तिथं त्यांच्या घरी आचारी म्हणून लागलो. विदर्भ मुंबई राज्यात आला, साहेबांची ट्रान्सफर वणीला झाली, आणि त्यांच्या सामानाबरोबर मीही आलो. इथून घालवलं तर जायचं कुठं, ही धास्ती माझ्या उशाशीच असायची.

आता भाकरी का, ते सांगतो. नलूला वर्षभर जुलाब होते. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी साहेबांनी तिला नागपूरच्या एका विलायतेत शिकलेल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हिला गहू सोसत नाही. गव्हात ग्लूटेन नावाचा एक चिवट अंश असतो. कणीक ओढली की तुटत नाही, ताणली जाते, ती त्याच्यामुळं. इतरांना त्याचं काही होत नाही, पण हिच्या आतड्याला तो चिमूटभरही चालत नाही. गहू, रवा, मैदा, सातू, बिस्किट सगळं बंद. भात द्या, ज्वारी द्या.

साहेबांना हायसं वाटलं. बाईसाहेबांना नाही. त्या पुण्याच्या. आजारी पोराला मऊ पोळी, तूप, गूळ द्यायचं, हेच त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. "रस्त्यावरचे मजूर खातात ते माझ्या आजारी मुलीच्या ताटात वाढायचं?" असं त्या मला म्हणाल्या. साहेबांना म्हणाल्या नाहीत. पण एकदा ठरलं म्हटल्यावर नियम त्यांनीच कडक पाळले. नलूचा तवा वेगळा, परात वेगळी, डबा वेगळा. मी पोळ्या लाटल्या की हात राखेनं घासून मगच भाकरीला बसायचं.

खरी अडचण पंगतीची होती. नलूच्या शेजारी तिचा भाऊ बसायचा, त्याच्या ताटात तूपसाखरेची गुंडाळी. ती त्याच्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "दत्तूदादा, मी काय केलं म्हणून मला पोळी नाही?" मी उठून चुलीपाशी गेलो.

आणि मला तरी ज्वारीची भाकरी कुठं येत होती? मी तांदळाच्या भाकरीवाला. ज्वारीच्या पिठाला अंगचा चिकटपणा कमी. इकडं त्याला विरी म्हणतात. पीठ शिळं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना फाटते. पहिले आठ दिवस मी नलूला तुकडेच वाढले.

सोमलीयाडी आमच्याकडे ज्वारी घालायची. तिच्या मुलांची शेती होती, कापूस, तूर, ज्वारी. डोक्यावर पाटी घेऊन ती मागच्या दारी यायची. माझी भाकरी बघून तिनं पदर तोंडाला लावला.

"हे काय रे बेटा, बाटी हाय का नकाशा?"

बाटी म्हणजे त्यांच्या बोलीत भाकरी.

"फाटते, याडी."

"फाटनच! थंड्या पान्यानं मळून राह्यला तू. आधन घाल, उकळतं. अन् मळ, मळ. तुह्या हाताले भूक नाई का?"

तिनं तिथंच बसून तीन भाकऱ्या थापल्या. माझ्या हातावर हात ठेवून चौथी माझ्याकडून थापून घेतली. ती फुगली. माझ्या भाकरीला चीर का पडत नाही, याचं उत्तर एवढंच होतं: उकळतं पाणी आणि याडीचा हात. पण दारात उभ्या असलेल्या बाईसाहेबांना ते सांगायला माझी जीभ वळली नाही. कारण नलू खरोखरच सुधारत नव्हती. दोन महिने गहू बंद, तरी जुलाब होतेच. मग चूक कुणाची? स्वयंपाक करणाऱ्याची. मीसुद्धा तसंच म्हटलं असतं.

साहेब मधे पडले. "आठ-पंधरा दिवस बघू," म्हणाले.

त्याच आठवड्यात गावातली पिठाची चक्की बंद पडली. बाबारावांची चक्की तेलाच्या इंजिनवर चालायची. इंजिनचा पार्ट गेला, तो नागपूरहून यायचा होता. गावातल्या बायका माळ्यावरची जाती काढायला लागल्या. आमच्या क्वार्टरमध्ये जातं नव्हतं. पोळ्यांची कणीक साहेबांनी ट्रकवाल्याकडून चांद्याहून मागवली. ज्वारीचं काय?

"चाल माह्या घरी," याडी म्हणाली.

मग मी रोज दुपारी तांड्यावर जायला लागलो. ती मूठमूठ दाणे घालायची, मी खुंटा धरायचो. शेजारच्या बायका हसायच्या. "सोमली, जावाई आनला काय ओ दळाले?" ती म्हणायची, "हो. तुमाले पायजे का? भाकरी पन थापते." मी खाली मान घालून फिरवत राहायचो. घर सुटल्यापासून कुणी माझी अशी चेष्टा केली नव्हती. मला ते बरं वाटायचं.

आणि नलू सुधारली. आधी जुलाब थांबले. मग तिनं स्वतःहून भाकरी मागितली. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की वाळे शोधायला जावं लागलं नाही.

मला वाटलं, सुटलो. तर बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, "बोलले म्हणून बंद केलंस ना? बरं झालं. पण आधीच करायचंस."

नलूचं बरं होणं हाच माझ्याविरुद्ध पुरावा झाला. मी मनाशी म्हटलं, पोर बरी होतेय, होऊ दे.

पुढे इंजिन सुरू झालं. मी पूर्वीसारखे दोन डबे घेऊन चक्कीवर जायला लागलो. काही दिवसांतच नलू पुन्हा झोपून राहिली. यावेळी ती रडतसुद्धा नव्हती. बाईसाहेबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "दत्तू, अंथरूण बांध. रविवारी गाडीला बसवून देतील."

मी तांड्यावर निरोप घ्यायला गेलो. याडीनं आधी मला पाणी दिलं.

"छोरी कशी हाय?"

"वाईट आहे."

"अन् तू चालला? कायले?"

मी सांगितलं. तिनं माझी कीव केली नाही. एवढंच विचारलं, "माह्या घरी दळत व्हता तवा बरी व्हती ना ते? मंग आता काय बदललं?"

"काहीच नाही. ज्वारी तुझीच, हात माझाच, तवा तोच." एवढं बोललो आणि थांबलो. "फक्त चक्की."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "चाल," ती म्हणाली.

घरून दोन्ही डबे घेतले आणि आम्ही चक्कीवर गेलो. बाहेर रांग होती. बाबारावांनी मला बघून हात केला. "या महाराज! साहेबाचं दळन पह्यले." त्यांनी आमचा गहू चक्कीत ओतला. तो संपत आला तशी पाठोपाठ आमची ज्वारी.

हे नेहमीचंच होतं आणि बाईसाहेबांच्या सांगण्यावरून होतं. दुसऱ्याच्या घरचं धान्य आपल्या पिठात येऊ नये म्हणून त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं: "कुणाच्या दळणावर आमचं टाकायचं नाही. आमच्याच गव्हावर आमची ज्वारी टाकायला सांग." चक्कीच्या दगडांत मागच्या दळणाचं थोडं पीठ अडकून राहतं. पुढचं धान्य ते ढकलून बाहेर काढतं. ते पीठ आपल्याच घरचं असलं की झालं, असा सगळ्यांचा हिशेब. माझाही तोच होता.

ज्वारीचं पीठ यायला लागलं तशी मी चक्कीच्या तोंडाशी ओंजळ धरली. पहिलीच ओंजळ. बाबारावांच्या घागरीतलं पाणी घेऊन तिचा गोळा मळला आणि दोन्ही हातांनी ओढला. गोळा तुटला नाही. ताणला गेला.

याडीनं तो माझ्या हातून घेऊन स्वतः ओढून पाहिला. "हे ज्वारी नोहे, बेटा."

बाबाराव गोंधळले. "अहो, तुमचाच गहू हाय! कोनाचा एक दाना मिसळू देल्ला नाई मी."

"तेच झालं, बाबाराव," मी म्हणालो.

तो गोळा मी केळीच्या पानात घेऊन घरी आलो. साहेब जेवायला आले होते. मी तो त्यांच्यासमोर ओढून दाखवला.

"हे कुठलं पीठ?" साहेबांनी विचारलं.

"नलूच्या डब्यातलं. चक्कीतून पहिलं आलेलं."

बाईसाहेब पाटावर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, गोळा घेतला, ओढला. पुन्हा ओढला. मग विचारलं, "गव्हावर टाकतात... मीच सांगितलं होतं ना?"

मी म्हणालो, "तुम्ही तिच्या भल्यासाठीच सांगितलं होतं."

त्यांनी माझी माफी मागितली नाही. मला ती नकोही होती. त्यांनी माझं बांधलेलं अंथरूण स्वतः सोडलं आणि खुंटीवर सतरंजी टाकली.

दुसऱ्या दिवशी याडीच्या मुलानं बैलगाडीतून तांड्यावरचं तेच जातं आणून दिलं. ते तिच्या आईचं होतं. लदेणीच्या काळात, म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून ही मंडळी मुलूख फिरायची तेव्हा, ते जातं बैलावरूनच वणीपर्यंत आलेलं. त्यानं गहू कधी पाहिलेला नव्हता. नलूची ज्वारी, तांदूळ, बेसन सगळं त्यावर दळायचं ठरलं. पहिल्या सकाळी खुंटा बाईसाहेबांनी धरला. हाताला फोड आला तरी सोडला नाही. पुढं साहेबांनी रात्रीच्या पोळ्याच बंद केल्या. सगळे भाकरी खायला लागले, तेव्हा नलूनं भावाला विचारलं, "आता तू काय केलंस?"

पोर सावरायला वेळ लागला, पण सावरली. त्या दिवाळीत तिच्या पायातले वाळे घट्ट झाले, सोनाराकडून काढून घ्यावे लागले. आता ती शाळेत जाते. डबा भाकरीचाच. साहेबांची वणीहून बदली झाली तेव्हा ते जातं परत करायला गेलो, तर याडीनं हात लावू दिला नाही. "छोरी जाईन तिथं जाईन ते."

या कामातून मी एवढंच शिकलो की चक्कीला आपलं-परकं कळत नाही. तिला फक्त आधी काय दळलं ते ठाऊक असतं. तेव्हापासून कुठंही स्वयंपाकाला गेलो तरी पहिल्यांदा दळण कशावर पडलं ते विचारतो. लोक हसतात. हसू देत.

निघताना मी याडीला विचारलं होतं, तुला काय देऊ? ती म्हणाली,

"तुह्या गावाले समुद्र हाय म्हनतात. माहा आजा तिकूनच मीठ आने बैलावर. सारी उमर मीठ खाल्लं, पन ते पानी म्या नाई पाह्यलं."

अजून ते जमलेलं नाही. सुट्टी मिळते तेव्हा तिच्या शेतात काम असतं, तिला सवड असते तेव्हा मला ड्युटी. पण याडी, तुझे गुडघे चालतात तोवर मी येतो. तुला देवगडच्या वाळूत उभी करतो, आणि पहिली भाकरी तिथंच थापून वाढतो. तांदळाची. दुसरी तू थाप, आणि फाटू देऊ नकोस.