खुंट्यापासून सात विती

नगरच्या स्टँडवर कंडक्टरने माझ्या लांबड्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, मासं धरायला निघालात व्हय? पाथर्डीकडं पानी कुठंय?"

आत जमिनीतला धातू शोधायचं यंत्र आहे, असं मी सांगितलं. लगेच पुढच्या बाकावरचे एक पागोटेवाले वळले. "म्हंजी गुप्तधन काडायचं म्हना की!"

या एका शब्दाची मला भारी चीड आहे. मी राजेरजवाड्यांचं काही शोधत नाही. लोकांचं हरवलेलं शोधते आणि सापडलं की त्यांच्या हातात देते. माझे वडील पुण्यात चांदीचे कारागीर होते, म्हणून काळी पडलेली चांदी मला ओळखू येते. निवृत्तीनंतर हे यंत्र घेतलं तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. काढोत बापडे.

या खेपेला मला पाठवलं होतं आमच्या शेजारच्या मंगलने. ती पुण्यात नर्स आहे. तिचे आईवडील, हौसाबाई आणि भानुदास, तिसगावच्या पलीकडे एका वस्तीवर राहतात. पूर्वी दोघं दरसाल बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायचे. सहा महिने घर बंद, म्हणून निघताना चांदी तांब्यात घालून जमिनीत पुरायची, ही त्यांच्या घरातल्या बायकांची रीत. बारा वर्षांपूर्वी हौसाबाईंनी आपल्या आईचे पायातले तोडे असेच पुरले. परत येऊन उकरलं, तर तिथे काहीच नाही. त्या साली मागे वस्तीवर राहिली होती फक्त धाकटी जाऊ, सगुणाबाई.

"आईनं काकूवर आळ घेतला. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत," मंगल म्हणाली होती. "मावशी, तुम्ही काकूकडे जाऊ नका हं. आईला चालत नाही."

तिसगावला जीप मिळाली, पण आत माझ्या मांडीवर एक गाठोडं आणि गाठोड्यावर एक करडू आलं. वाटेत ऊसतोडीला निघालेला टेम्पो दिसला. भांडी, सरपण, वर पिंजऱ्यात कोंबड्या. दोन्ही बाजूंना पिवळी तूर आणि मागे उघडे डोंगर. करडानं माझ्या ओढणीचं टोक खाल्लं, ते मला उतरल्यावर कळलं.

वस्तीवर दोन घरं, मधे गडगा (दगड रचून केलेली बुटकी भिंत). हौसाबाईंनी पाणी दिलं आणि थेट अंगणातल्या बाभळीच्या खुंट्यापाशी नेलं. "हितून सात विती, उगवतीला. म्या सोता मोजल्या हुत्या."

यंत्र फिरवायला लागले. दर चार पावलांवर ते ओरडायचं आणि निघायचे खिळे, डब्याची झाकणं, बैलांच्या पत्र्या (खुरांना ठोकतात ती लोखंडी पट्टी). दोन तास झाले. गडग्यापलीकडे एक बाई पाठमोरी बसून घेवडा निवडत होती. तेवढ्या वेळात पोतंभर घेवडा निवडून झाला असता. हौसाबाई तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सापडायचं न्हाई. न्हेनारानं कवाच न्हेलं." त्या पाठीकडे बघून मलाच कानकोंडं झालं.

जेवायला हुलग्याची शेंगोळी (कुळथाच्या पिठाची, रश्शात शिजवलेली) होती. मी तीनदा वाढून घेतली. भानुदास सापडलेली एक पत्री हातात घोळवत म्हणाले, "ही आमच्या सर्जाची."

"ऊसतोडीला गेल्यावर बैल बांधायला खुंटा कुठला?" मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

"ह्योच खुंटा. उपटून गाडीत टाकायचा. अशी बाभूळ तिथं कुठं मिळायची?"

हौसाबाईंचा घास हातातच राहिला. "अन् आल्यावर?"

"ठोकायचा अंदाजानं. तोडं गेलं त्या साली आधीची जागा लई कडक झाल्ती, म्हून जरा हिकडं ठोकला."

"अवो, बारा वरसं सांगितलं का न्हाई?"

"मला कुनी इचारलं?"

ताटं तशीच ठेवून आम्ही उठलो. भानुदासांनी आठवून जुनी जागा दाखवली. तिथून सात विती उगवतीला मोजल्या, तर त्या थेट गडग्यावर गेल्या. तो त्याच भांडणाच्या साली घातला होता. दगड काढले, यंत्र धरलं, आणि ते खणखणीत वाजलं. हातभर खाली पितळी तांब्या निघाला. आत कुजलेली चिंधी आणि दोन काळीकुट्ट कडी.

"ह्ये तर लोखंड दिसतंय," भानुदास म्हणाले.

मी चिंच आणि राख मागितली. चोळता चोळता पांढरी चांदी वर आली. हौसाबाई जवळ यायला तयार नव्हत्या. लांबूनच त्यांनी विचारलं, "येकाची फिरकी तांब्याची हाय का? आईची हारवली, तवा बानं तांब्याची बसवली हुती."

तांब्याचीच होती. आता आनंद होईल असं मला वाटलं होतं. पण हौसाबाई मातीत बसल्या आणि रडायला लागल्या. "आता म्या तिला त्वांड कसं दावू?"

घेवडा निवडणारी बाई उठून गडग्याच्या खिंडारापाशी आली होती. हौसाबाईंनी उठून एक तोडा तिच्यापुढे धरला. "सगुने, चुकलं माजं. येक तुला घे."

सगुणाबाईंनी तोड्याकडे नाही, जावेच्या तोंडाकडे बघितलं.

"येका पायात घालून लंगडू व्हय?" त्या म्हणाल्या. "आक्का, दोनी तूच घाल. अन् घालून माज्या वट्यावर ये. बारा वरसं तुजं पाय लागलं न्हाईत."

तोडे घट्ट होत होते. सगुणाबाईंनीच खाली बसून पायाला तेल लावून ते चढवले. मग दोघी काढलेल्या दगडांवरून पलीकडे गेल्या आणि आम्हालाही चहाला हाक आली.

परतीच्या एस्टीत माझी बोटं चिंचेनं काळी होती. बारा वर्षं त्या बाईनं शेजारच्या घरातून चोर म्हणवून घेतलं, आणि खुंट्याचं विचारायला कुणाला सुचलं नाही, हे काही माझ्या मनातून जाईना. तेवढ्यात मंगलचा फोन आला.

"मावशी, सापडलं का काही?"

"सापडलं."

"काय काय?"

"एक तांब्या, तोड्यांचा जोड," मी म्हटलं, "आणि तुझी काकू."