माणिकबाईंचं माहेर

माणिकबाई रोज सकाळी हार गुंफायला बसल्या, की मोबाइल सुनेच्या हाती देत. त्यांना वाचता येत नसे. अकोल्याच्या माहेरचा ग्रुप सून वाचून दाखवी. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची म्हैस व्याली, सगळं ऐकताना त्यांची सुई चालत राही.

सून नागालँडची. अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून आली, तिथेच एक्स-रे काढणाऱ्या योगेशशी लग्न केलं आणि हळूहळू देवनागरी शिकली. नाव असेनला. "नावातच 'ला', म्हंजे पुन्याची भाषा झाली. आपल्या घरी 'मला' नाही, 'मले' चालते," म्हणत माणिकबाईंनी ते तोडून असेन केलं. कोथिंबिरीला संभार म्हणायचं, हेही त्यांनीच शिकवलं.

ग्रुपमध्ये असेनच्या डोळ्यांवर, नाकावर, ती काय खात असेल यावर विनोद येत. बहुतेक विपुलचे, म्हणजे माणिकबाईंचे एकुलते भाऊ किसनराव, त्यांच्या मुलाचे. ते ती गाळून वाची. पूर्वी एकदा कुणा अनोळखी माणसाच्या व्हिडिओखाली तिनं असल्याच बोलण्याला उत्तर दिलं होतं, तर शिव्या पार तिच्या आईपर्यंत पोचल्या होत्या. तेव्हापासून ती उत्तर लिही, जरा वेळ ठेवी आणि पुसून टाकी. इथे तर तेवढंही नको वाटे. भांडण तिचं झालं असतं, माहेर मात्र माणिकबाईंचं तुटलं असतं.

मग विपुलनं एक व्हिडिओ टाकला. लग्नातला असेनचा फोटो, आणि मागे त्याचा आवाज: आत्याबाईची सून, चायना माल, ग्यारंटी नाही. चुकून बोट लागलं आणि तो वाजला.

सुई थांबली. "असे लय आले का?"

असेन म्हणाली, "जाऊ द्या ना, आई."

माणिकबाईंनी बोलायचं बटण कोणतं ते विचारलं. असेननं फोन मागे ओढला. त्यांनी हात तसाच पुढे ठेवला. शेवटी तिनं दिला. त्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या, "विपुल, आत्या बोलून राहिली. ते माही सून आहे. तिचे डोये पाह्याचे असन तं घरी ये, समोर बसून पाह."

दुपारी किसनरावांनी ग्रुप सोडला. योगेशला फोनवर म्हणाले, परक्या पोरीपायी बहिणीनं चारचौघांत माझ्या लेकाची लाज काढली.

भाऊबीजेला माणिकबाईंनी पाट मांडला. निरांजनात पुन्हा पुन्हा तेल घालत राहिल्या. अंधार पडल्यावर अंगणात गेल्या आणि भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं चंद्राला ओवाळलं. असेननं किसनरावांसाठी माफीचा मेसेज लिहून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो पुसायला लावला.

थंडीत एका सकाळी, असेन ड्युटीवर असताना, माणिकबाई फुलांवरच कलंडल्या. किसनराव आले ते मातीलाच. बहिणीच्या पायांशी बसून खूप रडले. असेननं दिलेलं पाणी प्यायले, तिच्याकडे पाहिलं नाही.

ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येत राहिली. विपुलचंही आलं. असेननं सगळं वाचलं, काहीच गाळलं नाही. माणिकबाईंचा तो आवाज अजून तिथेच, वर कुठेतरी आहे. तिला अजून लावून ऐकवत नाही.

त्या सकाळी ती ड्युटीवर निघाली तेव्हा माणिकबाई मान वर न करता म्हणाल्या होत्या, "येतानी संभाराची जुडी आनजो. कोवया पाहून घेजो."