भोक पाडलेले गंज

आमचं भंगाराचं दुकान ब्रह्मपुरीच्या बाहेर, वडशाच्या रस्त्याला. जर्मनची भांडी, म्हणजे ॲल्युमिनियमची, वितळवायची आणि विटा पाडून विकायच्या, हा धंदा. सासू होती तोवर तिचा एक नियम होता. आलेलं प्रत्येक भांडं उन्हाकडे धरून पाहायचं. झिजून पडलेलं भोक वेडंवाकडं असतं, ते चालेल. पण बुडाच्या मधोमध खिळा ठोकून पाडलेलं गोल भोक दिसलं, की ते भांडं बाजूला. नदीपलीकडं जंगलातल्या काही गावांत माणूस गेला की त्याचं भांडं असं भोक पाडून त्याच्या नावानं उभ्या केलेल्या दगडापाशी ठेवतात. एखादा हलकट फेरीवाला ते उचलून भंगारात घालतो. सासू तसा माल तिकडं जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती परत पाठवायची. दिवसभर तिचा एकच आरडाओरडा. "उन्हाकडं धर! अवो बाई, उन्हाकडं धर!" माझे कान किटायचे.

मग कोळसा महागला. शिवाय विटा घेणाऱ्या कंपनीला धुराच्या भट्टीचा माल नको झाला. पर्यावरण सांभाळता का, सर्टिफिकेट दाखवा, म्हणे. आम्ही विजेची भट्टी बसवली. वीज ऊन असेपर्यंत स्वस्त, सूर्य कलला की दर चढतो. म्हणजे ज्या उन्हात भांडी पाहायची, त्याच उन्हात आता ती वितळवायची. सासू गेली आणि भांडी पाहणंही गेलं.

त्या दिवशी सकाळी नवऱ्यानं भट्टी लावली. भट्टीत मूस असते, धातू वितळवायचं मडकं. तिच्या तळाशी आधी जाड भांडं गेलं की वरचा माल लवकर वितळतो, वीज वाचते. घरातलं सगळ्यांत जाड भांडं म्हणजे सासूचा गंज, तिचं भाताचं पातेलं. मी "अवो, थांबा" म्हणेस्तोवर तो आत गेला. मी खूप बोलले. "मायचाच गंज हाय ना," नवरा म्हणाला, "मी नाई तर कोण टाकन?" मग वरून त्यानं ढिगातली भांडी सोडली. बाकीचा ढीग भट्टीजवळ ठेवला होता, तापून त्यातली भांडी टक् टक् वाजत होती. नेहमीच वाजतात. त्या दिवशी मला ते बरं वाटत नव्हतं.

दुपारी एक म्हातारी आली. पायात काही नाही, हातात पिशवी. ढिगाकडं बघत उभी राहिली, मग म्हणाली, "बाई, माह्या पोरीचा गंज इकडं आला. तिच्या दगडापाशी नाई हाय."

पोर कधी गेली ते मी विचारलं नाही.

"गंज नसन तर ते जेवन कशात?" म्हातारी म्हणाली. "चार रोज झाले, उपाशी हाय."

नवरा म्हणाला, "माय, भट्टी चालू हाय. संध्याकाळी पाहू."

"संध्याकाळी काय पाहाल, विटा?" माझं डोकंच फिरलं. मी जाऊन बटण बंद केलं.

"अवं, अर्धंच वितळलं हाय! थंडं होऊन मूस फुटन ना!"

"फुटू द्या."

तो दोन घटका तणतणला, मग माझ्या शेजारी येऊन बसला. आम्ही तिघं एकेक भांडं उन्हाकडं धरू लागलो. गोल भोक, पुन्हा गोल भोक. प्रत्येकातून उन्हाचा ठिपका येऊन आमच्या तोंडावर पडायचा. अगं माय, किती ते! एवढी माणसं आमच्या अंगणात येऊन पडली होती आणि आम्ही रोज त्यांच्यातून झाडू मारत होतो.

म्हातारीच्या पोरीच्या गंजाला कडीऐवजी तांब्याची तार होती. ढीग संपत आला, तरी तो गंज काही निघाला नाही.

तेवढ्यात मूस कडकन तडकली. मग आतून टक् टक् सुरू झालं, अगदी सावकाश. म्हातारी उठली, भट्टीपासून हातभर लांब उकिडवी बसली आणि मान कलती करून ऐकू लागली. बराच वेळ ती हलली नाही.

"इथी हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला. "जेवून राह्यली."

नवऱ्याला राहवलं नाही. "कशात जेवन, माय? सगळं एक झालं आता."

"एक बाई हाय ना आत. तिनं आपल्या गंजातलं वाढून देल्लं." म्हातारीनं पुन्हा कान दिला आणि किंचित हसली. "तुमच्याच घरची असन. लय ओरडते. उन्हाकडं धर, उन्हाकडं धर, म्हणते."

सासूबद्दल आम्ही तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या हातात ढिगातलं शेवटचं भांडं होतं, अजून न पाहिलेलं.

"हो माय," तो भट्टीकडं बघून म्हणाला, आणि रडत रडत त्यानं ते उन्हाकडं धरलं.