झुलाल आबांच्या बारा गाड्या

क्रिकेटची मॅच बघताना मी मध्ये बोललेलं माझ्या नातवंडांना आवडत नाही. हा बॉल टाकणारा बरा आहे, पण आमच्या वेळच्या गड्याची सर नाही, एवढं म्हटलं की नातू टीव्हीचा आवाज वाढवतो. वाढवू दे बापडा. आधीचे मोठे की आताचे, या वादावर मी पारावर इतका चहा प्यालो आहे की दुधाचा रतीब घालणारा माझ्यावर खूश असायचा. फक्त एका वर्षी या वादाने एका बापाच्या जिवाला घोर लावला, तो मी अगदी शेजारी बसून पाहिला. त्या बापाचं नाव झुलाल आबा.

आमचं गाव एरंडोल तालुक्यातलं, अंजनीच्या काठचं. अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गावात खंडेरावाच्या नावाने बारा गाड्या ओढतात. बारा बैलगाड्या बैल सोडून एकामागे एक दोरखंडाने बांधायच्या, त्यांवर माणसं चढतील तेवढी चढवायची, आणि भगताने कमरेला दोर बांधून वेशीपासून देवळापर्यंत ओढत न्यायच्या. भगताला दोन्ही बाजूंनी धरून दोघे पळतात, त्यांना बगले म्हणतात. मी झुलाल आबांचा डावा बगला होतो. उजवा बगला पुना, तो गेला बिचारा. त्याची पण एक गोष्ट आहे, पण ती पुन्हा कधीतरी.

आबा अंगाने थोराड, बोलायला मुखदुर्बळ. तरुणपणी धुळ्यापासून साक्रीपर्यंतच्या जत्रांत कुस्त्या मारून आलेले. एरवी दोन बिघे कपाशी आणि एक म्हैस, बस. पारावर त्यांच्या गोष्टी निघाल्या की ते उठून म्हशीला पाणी दाखवायला जायचे. म्हैस दिवसातून किती वेळा पाणी पीत असेल, देव जाणे. त्यामुळे त्यांच्या गोष्टी सांगायचं काम दुसऱ्यांकडे आलं आणि त्या वाढत गेल्या. एका गोष्टीत ते एका दमात बारा गाड्या ओढून पुन्हा वेशीपर्यंत चालत आले. दुसऱ्या गोष्टीत गाडीवर माणसांबरोबर एक रेडाही होता.

आबांचे गुडघे गेले, नजर मंदावली, तेव्हा भगतपण मुलाकडे आलं. हा भिका. जळगावच्या एका क्लबातून कबड्डी खेळायचा, जिल्ह्याच्या संघातही होता. बारीक, चपळ, मांजरासारखा. त्याने पहिल्या वर्षी गाड्या ओढल्या तेव्हा त्या अशा पळाल्या की टाळ्या वाजवायला हात वर करेपर्यंत देवळाशी पोचल्या होत्या.

आणि तिथेच घोटाळा झाला. रुपचंद शिंप्याचं मशीन पाराच्या समोरच होतं. तो पायाने मशीन चालवायचा आणि तोंडाने गाव.

"पळाल्या," तो म्हणाला. "वढल्या कुठे?"

"म्हणजे कसं रे?" मी विचारलं.

"नाना, बठ्ठ्या, बाराच्या बारा, टायरच्या गाड्या. चाकात बेरिंग. मनी बकरी बी वढी लई. आबांच्या वेळी लोखंडी धावेची लाकडी चाकं व्हती. ती वढाले माणूस लागे."

हे अगदीच खोटं नव्हतं. गावात एकेक करून टायरच्या गाड्या आल्या होत्या आणि जुन्या गाड्या गोठ्यामागे पडल्या होत्या. पण हे वाक्य दोन वर्षं रोज भिकाच्या कानावर पडलं. कबड्डीतलं बक्षीस घेऊन आला तरी कोणीतरी म्हणणार, "बरं शे, पण आबा नही होवाव." आबांची सर नाही. नव्वद साली अखजीच्या आधी गावकऱ्यांची बैठक बसली तेव्हा भिका उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा धावेच्या गाड्या लावा. आबांनी वढ्यात त्याच."

सगळे खूश. रुपचंद तर सगळ्यात जास्त. आबा कोपऱ्यात बसले होते. ते म्हशीला पाणी दाखवायला उठले नाहीत, तेव्हाच मला वेगळं वाटलं.

शोध घेतला तर धड चाकाच्या जुन्या गाड्या अर्ध्याच निघाल्या. बाकीच्या टायरच्या लावायच्या ठरल्या. मग पंचांनी विचार केला: लोकांना काय दिसायला पाहिजे? धावेच्या गाड्या. म्हणून त्या पुढे, भगताच्या पाठीशी. टायरच्या मागे, धुळीत कोणाला दिसणार. हे ऐकून सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

संध्याकाळी मी आबांच्या ओट्यावर गेलो. पार्वताबाई, त्यांची बायको, शेंगा फोडत होत्या. आबा देवळाच्या दिशेला तोंड करून बसले होते.

"नाना," शेवटी ते म्हणाले, "देवळाकडचा रस्ता उताराचा शे ना?"

"जन्मापासून."

"टायरची गाडी उताराले बैलाच्या अंगावर येस. धावेची येत नही, ती मातीत रुतस."

एवढंच. पण माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. हे काही गुपित नव्हतं, प्रत्येक गाडीवानाला माहीत असलेली गोष्ट. पुढे जड चाकं, मागे हलकी, त्यांवर शे-दीडशे माणसं, आणि उतार. पुढच्या गाड्या मंदावल्या की मागच्या त्यांना रेटणार, आणि सगळ्यांच्या पुढे, कमरेला दोर बांधलेला, भिका. गेल्या वर्षीच नुसत्या टायरच्या गाड्या देवळाच्या ओट्यावर आदळून दगड निखळला होता. भिका उडी मारून बाजूला झाला होता. गावाने त्याला शाबासकी दिली होती. आबांनी ते दृश्य वर्षभर मनात ठेवलं होतं.

"मग त्याला सांगा ना," मी म्हणालो.

"सांगं ना मी. तो म्हणस, आबा, तुम्हाले जमनं ते माले का नही जमाव?"

पार्वताबाईंनी सूप खाली ठेवलं. "लोके तुमनी आरती गातस आन तुम्ही गप बठतस," त्या म्हणाल्या. "ती आरती मना पोऱ्याले खाई जाई."

आबा उठून म्हशीकडे गेले. मीही उठलो. घरी जेवण गोड लागलं नाही, आणि हे माझ्याबाबतीत क्वचित होतं. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला.

अखजी आली. माहेरवाशिणींनी कडुलिंबाला झोके बांधले, घराघरांतून पुरणाचा वास. मला तेवढं एकच दिसत होतं: गाड्या बांधत होते, धावेच्या पुढे, टायरच्या मागे, आणि पोरंटोरं, बाप्ये आताच जागा धरून बसले होते. आबांना मी हाताला धरून वेशीशी आणलं. तिथे त्यांचं एक काम होतं. आमच्याकडे नव्या भगताच्या कमरेचा दोर जुना भगत बांधतो. तो हयात असेपर्यंत दुसऱ्या कोणी बांधायचा नाही. गाड्या सूर्य बुडायच्या आत निघाल्या पाहिजेत, हाही नेमच.

भिका हळदीने पिवळा होऊन आला. गाड्यांना फेरी मारली, वडिलांपुढे उभा राहिला, हात वर केले. आबांनी दोर हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"गाड्या फिरवा," ते म्हणाले. "टायरच्या पुढे, धावेच्या मांगे. मंग बांधस."

आधी कोणाला ऐकूच आलं नाही. मग पंचांतले चुडामण पाटील पुढे आले. "आबा, दिवस बुडाले उना. आते कुठे फिरवतस?"

"फिरवा."

"लोके चढेल शेतस."

"उतरतील."

सूर्य नदीपलीकडच्या बाभळींवर टेकायला आला होता. गाड्यांवरची माणसं ओरडू लागली. गर्दीतून रुपचंदचा आवाज आला, मशीनसारखाच, न थांबणारा: "आबाले वाटस, पोऱ्या बरोबरीना व्हई जाई. म्हनीसन खोडा घालतस."

हसू पिकलं. भिकाचा चेहरा हळदीखाली काळवंडला. तो हळू बोलला, पण मी शेजारीच होतो.

"आबा, खरं शे का हाई? तुमनं नाव जाई म्हनीसन?"

मी आबांचा हात धरला होता. त्याची दोरावरची पकड सैल होत होती. इतक्या कुस्त्या मारलेला हात. मला वाटलं, आता हा माणूस दोर टाकून घरी जाणार आणि मागे जे होईल ते होईल.

पण आबा बोलले. असं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. "मनं नाव कसलं? मी वढे त्या गाड्या हात सोडताच थांबेत. मी कधी मांगे वळीसन देखं नही, कारण मांगून काही येतच नव्हतं. आन लोके म्हनतस, एका दमात. वाटेवरल्या मारुतीजवळ दरसाल त्या रुतेत. मंग बठ्ठे मिळीसन ढकलेत. इचारा नानाले."

सगळ्या गावाची तोंडं माझ्याकडे. ढकलणाऱ्यांत मी होतोच, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आजवर कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

"खरं शे," मी म्हणालो. "मारुतीजवळ. पुना तर दरवेळी शिव्या द्यायचा."

आता कोणी हसलं नाही. आबा भिकाकडे वळले. "मी वजन वढं. तू वजन वढस, आन वरून त्याच्या पुढे पळस. हाई माले कधी जमतं नव्हतं. गाड्या फिरव, बेटा."

भिकाने वर केलेले हात खाली घेतले. मग वळला आणि स्वतःच पहिल्या गाडीचा दोरखंड सोडायला लागला. ते पाहून क्लबातली त्याची पोरं धावली, माणसं धपाधप उतरली. पाटील सूर्याकडे आणि गाड्यांकडे आळीपाळीने बघत होते. कसंबसं, बाभळीच्या शेंड्यात लाल तुकडा उरलेला असताना, आबांनी दोर बांधला. गाठ दोनदा चाचपली.

"खंडेराव महाराज की जय" झालं आणि गाड्या निघाल्या. धुळीचा लोट उठला आणि त्यात भिका दिसेनासा झाला.

आम्ही दोघं वेशीशी राहिलो. आबांना धावता येत नव्हतं आणि मला त्यांना सोडवत नव्हतं. ते डोळे मिटून ऐकत होते. धावेच्या चाकांचा खडखडाट दूर जात होता. "मारुती," ते पुटपुटले. मग, "उतार लागना." खडखडाट वाढला. मग एकदम करकर, लोखंड दगडावर घासल्यासारखी. आणि हजार माणसांची एक किंकाळी.

मग काहीच नाही.

आबा चालायला लागले. गुडघे वाकत नव्हते, तरी चालत होते. वाटेत लोक उलटे येत होते. मी विचारायला तोंड उघडलं की आबा माझं मनगट दाबायचे. त्यांना विचारायचं नव्हतं. झोक्याजवळ एक बाई पदर तोंडाला लावून उभी होती. ती हसत होती की रडत होती मला कळलं नाही, आणि आबांना तर ती दिसलीच नाही.

समोरून रुपचंद आला, धापा टाकत, टोपी हातात.

"आबा, भिका पडना," तो म्हणाला.

आबा थांबले.

"देवळाच्या उताराले पाय घसरना, दोन्ही बगल्यांच्या हातून सुटना. गाडी आंगावर येवाले व्हती. पण मांगल्या धावेच्या गाड्या रुतन्यात आन बठ्ठ्या थांबी गयात. जू त्याच्या पाठीवर उनं आन थांबनं." त्याने हाताने दाखवलं, वीतभर.

आबांनी त्याच्या दंडाला धरलं. "उठना का?"

"उठना. परत दोर वढी लिधा. गाड्या पोचाडी दिन्यात."

आबा रस्त्यातच खाली बसले, धुळीत, आणि बराच वेळ उठले नाहीत. भिकाच तिथे आला. ढोपरं फुटलेली, हळद घामाने वाहिलेली. त्याने बापाला काखेत हात घालून उठवलं, अगदी बगल्यासारखं, आणि घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी पारावर मी जरा लवकरच गेलो. एवढी मोठी गोष्ट दुसऱ्या कोणी आधी सांगायला नको. रुपचंदचं मशीन चालू होतं. दोऱ्याच्या रिळावरून मान वर करून तो म्हणाला, "तरी एक सांगू का नाना? आबा कधी पडना नव्हतात."

समोरून आबा म्हशीला घेऊन चालले होते. ते थांबले. मला वाटलं, नेहमीसारखे पुढे जातील. त्यांनी म्हशीचा कासरा पाराच्या खुंटाला अडकवला, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मी कितीदा पडनू, ते सांगू का? चहा मांगाड."

त्या दिवशी म्हैस दुपारपर्यंत तहानलेली राहिली.