माहेरचा डबा

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं सांबाराच्या जुड्या बांधल्या. पुण्याची माणसं त्याला कोथिंबीर म्हणतात, म्हणोत. मी उपटून आणायचो, ती माती झटकून जुडी बांधायची. तिच्या बोटांत जोर उरला नव्हता, जुड्या ढिल्या पडत होत्या.

"हे बाजारात जाईस्तोवर सुटते," मी म्हटलं.

"मंग तुमीच बांधा ना. इतके वर्सं काहून नाई बांधल्या?"

अंग संपलं होतं, तोंड शाबूत होतं.

मोठ्या आतड्याची गाठ होती तिला. बाळापूरहून आम्ही केमोसाठी अकोल्याला जायचो. आणि तिचा भाऊ अमरावतीहून पावडरीचा डबा घेऊन यायचा. राजापेठेत खोली घेऊन तो पावडरी विकतो. गळ्यात टाय. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "भाऊजी, लोखंडावानी शरीराले गंज चढते, त्याच्यानं कॅन्सर होते. हे अँटिऑक्सिडंट हाय. सगळा गंज काढून टाकते."

मी डबा डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "गंजाचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. पण गाठीतल्या पेशींनी त्या गंजापासून स्वतःला वाचवायची सोय आधीच केलेली असते. आमचं औषध काही अंशी त्यांना गंजवूनच मारतं. बाहेरून ही पावडर दिली तर कदाचित गाठीलाच आधार मिळेल. पालेभाजी, फळं खाऊ द्या. पावडर केमो चालू असताना नको."

मला पटलं. वावरात खत टाकलं की तणही पोसतं. खत काही विचारत नाही, तू कपाशीची पऱ्हाटी की गाजरगवत.

हेच मी साळ्याला सांगितलं. तो हसला. "डॉक्टर लोकायले आपला धंदा बुडायचं भेव हाय, भाऊजी."

"अन् तू का धरम करून राहिला?"

मी डबा लपवला तर तिनं जेवण सोडलं. माहेरून आलेलं परत धाडायचं नाही, टाकायचंही नाही, हे तिच्या आईनं तिच्या हाडात घातलेलं. भाऊ विष घेऊन आला असता तरी तिनं आधी त्याला पाट मांडला असता. शेवटी डबा काढून दिला. रोज सकाळी दुधातून एक चमचा. मी तिकडं पाहत नव्हतो.

त्या संध्याकाळी शेवटची जुडी बांधून झाल्यावर ती म्हणाली, "मी गेली त मायेरचं लुगडं त्याच्याच हातचं पायजे. अन् तुमी त्याले एक शबद बोलायचा नाई."

"त्याले मी फाटकाच्या आत येऊ देत नसतो."

"मंग मले तशीच नेजा, बिनालुगड्याची."

असं बोलल्यावर माणूस काय करणार? हो म्हटलं.

पहाटे ती गेली. पावडरीनं गेली का? डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, तसं सांगता येत नाही, आजारच फार पुढे गेला होता. शेजारीपाजारी म्हणाले, देवाची मर्जी. देवाला मी काही विचारलं नव्हतं.

आमच्यात सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. सगळे त्याचीच वाट पाहत बसले. ऊन चढल्यावर तो आला, टाय न लावता. हातात हिरवं लुगडं. फाटकाबाहेरच थांबला. "भाऊजी," म्हणाला, आणि रडायला लागला.

मी उठलो. फाटक उघडलं, लुगडं दोन्ही हातांनी घेतलं आणि आत बायांकडं दिलं. मग चुलीमागच्या फळीवरून तो अर्धा डबा काढला, चमच्यासकट, आणि बाहेर येऊन त्याच्या रिकाम्या हातात ठेवला.

शब्द एक बोललो नाही. मग तिरडीचे बांबू बांधायला बसलो. गाठी घट्ट मारल्या.