फिनाऊची निवड

माझा धाकटा भाऊ फिनाऊ वावाऊ बेटावर आमच्या शाळेत प्रोग्रॅमिंग शिकवायचा. मी तिथलीच मुख्याध्यापिका. आम्हा टोंगाच्या लोकांत भाऊ बहिणीचा शब्द खाली पडू देत नाही. बाहेर तो वाघ होता हो, माझ्यापुढे मात्र मान खाली.

मुलं ज्यात प्रोग्रॅम लिहायची ते सॉफ्टवेअर त्याने प्रत्येक संगणकात भरून ठेवलं होतं. त्याला इंटरनेटची गरज नव्हती, पण दिसायला अगदीच ओंगळ. मी राजधानीतल्या प्रशिक्षणात दुसरंच बघून आले. रंगीबेरंगी, सगळं इंटरनेटवर, मुलांचं कामही तिकडेच साठणार.

"काय हे भंगार! जग कुठे गेलं अन् तू कुठे!" सगळ्या शिक्षकांसमोर मी त्याला म्हणाले. हशा पिकला.

"ताई, समुद्रातली इंटरनेटची केबल तुटली तर?" त्याने हळूच विचारलं.

"तुझ्या तोंडी कधी शुभ म्हणून येणार नाही!"

दुसरा कुणी असता तर फिनाऊ तासभर भांडला असता. माझ्यासाठी त्याने त्याच दुपारी चौदाही संगणकांवरून जुनं काढून टाकलं.

सप्टेंबरात केबल तुटली. तीन आठवडे काहीच उघडेना. बाकीच्या शाळांनी मुलांचे परीक्षेचे प्रकल्प पेन ड्राइव्हवर घालून बोटीने राजधानीला धाडले. आमच्याकडे धाडायला होतं काय? लेसिएली ही आमची सगळ्यांत हुशार पोर. तिची न्यूझीलंडची शिष्यवृत्ती त्या प्रकल्पाच्या गुणांवर होती. मुदत टळली आणि शिष्यवृत्ती गेली.

पालकसभेत तिचे वडील ताडकन उठले. "हे शहाणपण कुणाचं?"

मी समोरचे कागद चाळू लागले.

"माझं. निवड माझी होती," फिनाऊ म्हणाला.

"मास्तर, वाटोळं केलंत माझ्या पोरीचं!"

"हो," तो म्हणाला. मी गप्प बसले.

त्याने नोकरी सोडली, शेती धरली. लेसिएली परदेशी जाणारे भोपळे खोक्यांत भरायच्या शेडमध्ये कामाला लागली. रस्त्यात तो दिसला की तोंड फिरवायची.

गेल्या मार्चात फिनाऊ अचानक गेला. आमच्याकडे भावाच्या मयताला बहिणीचा मान मोठा. मला त्याच्या उशाशी बसवलं, लोक येऊन बारीक विणीच्या चटया माझ्यापुढे ठेवत होते. लेसिएलीही आली. त्याच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"बाई, तुमच्यासाठी आलेय," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी नाही."

लाज वाटली, जीव नकोसा झाला. तरी मी तिची चटई घेतली.